असमकालिक आज्ञावल्यांच्या चाचणीतील मॉक: उदय, विकास आणि मर्यादा

१

एखाद्या मोठ्या आज्ञावलीचा लहानात लहान स्वतंत्र भाग वेगळा काढून, भोवतालच्या खऱ्या घटकांपासून तो अलग ठेवून, तो आपले काम ठरल्याप्रमाणे करतो की नाही हे पाहणे, यास घटक-चाचणी किंवा युनिट टेस्ट म्हणतात. खरे घटक दूर ठेवावयाचे म्हणजे त्यांच्या जागी कोणी तरी बदली उभा करणे क्रमप्राप्त होते. खऱ्या डेटाबेसऐवजी ठरावीक उत्तर देणारी एक लहानशी वस्तू, खऱ्या सर्व्हरऐवजी सर्व्हरचे सोंग घेणारे एखादे फंक्शन, असे या बदली घटकांचे स्वरूप असते. त्यांपैकी एका विशिष्ट प्रकारास इ. स. २००० मध्ये मॉक हे नाव मिळाले, आणि पुढे व्यवहारात सर्वच बदली घटकांना ते सरसकट लावले जाऊ लागले.

मॉकचा जन्म झाला तो एक गोष्ट गृहीत धरून. ती अशी की, विचारणाऱ्याने विचारावे, उत्तर देणाऱ्याने तत्काळ उत्तर द्यावे आणि तोपर्यंत विचारणाऱ्याने जागचे हलू नये. समोरासमोरच्या संभाषणात हे गृहीत खरे ठरते. परंतु आजच्या आज्ञावल्यांचा फार मोठा भाग टपालाच्या रीतीने चालतो. पत्र पेटीत टाकावयाचे, उत्तराची वाट पाहत बसण्याऐवजी दुसऱ्या कामास लागावयाचे, आणि उत्तर आले म्हणजे सोडलेले काम पुन्हा हाती घ्यावयाचे. या क्रमाला असमकालिक किंवा प्रोग्रॅमरांच्या भाषेत असिंक क्रम म्हणतात. अशा क्रमात उत्तर काय येते याइतकेच ते केव्हा येते आणि कशाच्या आधी किंवा नंतर येते यालाही महत्त्व असते.

समोरासमोरच्या संभाषणासाठी निर्माण झालेला मॉक टपालाच्या व्यवहारात कसा आणला गेला, त्यात कोणत्या अडचणी आल्या, आणि त्या कितपत दूर झाल्या, याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. हा इतिहास पाहता असे दिसून येते की, मॉकला उत्तराची जागा घेणे फारसे जड गेले नाही. काळाची जागा घेणे मात्र त्याला अवघड गेले, आणि जेथे काळाची जागा कोणीच घेतली नाही तेथे चाचणी उत्तीर्ण होऊनही दोष तसाच राहिला.

२

या प्रश्नाचे मूळ घटक-चाचणीपेक्षा बरेच जुने आहे. प्रारंभीच्या संगणकांत यंत्र आणि त्याला जोडलेली उपकरणे यांच्या वेगांत फार मोठी तफावत असे. टंकयंत्रावर एक अक्षर उमटेपर्यंत संगणकाला शेकडो आज्ञा पार पाडता आल्या असत्या. तो वेळ वाया जाई. हा अपव्यय टाळण्यासाठी व्यत्ययाची, म्हणजे इंटरप्टची, योजना निघाली. उपकरणाचे काम संपले की त्यानेच यंत्राला मध्ये थांबवून तसे कळवावे, आणि यंत्राने चालू काम बाजूला ठेवून त्याची दखल घ्यावी, अशी ती योजना होती.

ॲमस्टरडॅम येथील गणितकेंद्रातून उदयास आलेल्या इलेक्ट्रॉलॉजिका एक्स-१ या संगणकात लोप्स्ट्रा आणि शोल्टन या अभियंत्यांनी व्यत्ययाची सोय करावयाचे ठरविले, तेव्हा त्यासाठी आज्ञावली लिहिण्याची जबाबदारी एड्‌स्गर डाइक्स्ट्रा यांच्याकडे आली. ही कल्पना ऐकून आपण धास्तावलो आणि काही काळ तिला विरोध केला, असे डाइक्स्ट्रा यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. त्यांच्या भीतीचे कारण मार्मिक होते. व्यत्यय कोणत्या क्षणी येईल हे प्रोग्रॅमरच्या हाती नसते. म्हणून एखादी चूक एकदा घडली तरी ती पुन्हा घडवून दाखविता येईलच अशी शाश्वती उरत नाही. जी चूक पुन्हा दाखविता येत नाही ती शोधावयाची कशी, आणि दुरुस्त झाली हे ठरवावयाचे कसे? अखेर त्यांनी ते काम स्वीकारले आणि १९५९ मध्ये सादर केलेल्या आपल्या प्रबंधात त्याचे विवेचन केले.

पुढे आइंडहोवन येथे एक्स-८ या यंत्रासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी थरांवर थर रचून एक बहुकार्यप्रणाली उभारली. तिचे वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत खालच्या थराने व्यत्ययाचा सारा गोंधळ आपल्यापाशी ठेवावयाचा आणि वरच्या थरांना निरनिराळ्या क्रियांच्या सापेक्ष वेगाशी काही कर्तव्य ठेवावयाचे नाही, अशी ती रचना होती. प्रत्येक थर स्वतंत्रपणे, त्याला शक्य त्या सर्व अवस्थांत मुद्दाम नेऊन तपासण्यात आला. काळाचा उपद्रव एका ठिकाणी कोंडावा आणि मग उरलेल्या भागाची निश्चिंतपणे तपासणी करावी, ही पुढील साऱ्या इतिहासाला पुरून उरलेली कल्पना येथे स्पष्टपणे दिसते.

तथापि सर्वत्र अशी शिस्त पाळली गेली नाही. १९८५ मध्ये टँडेम कंपनीतील जिम ग्रे यांनी संगणक बंद का पडतात याविषयी लिहिलेल्या अहवालात दोषांचे दोन प्रकार सांगितले. काही दोष ठाम असतात. तीच कृती केली की तेच घडते. काही दोष मात्र पाहावयास गेले की नाहीसे होतात. हायझेनबर्ग या पदार्थविज्ञकाच्या नावावरून या दुसऱ्या प्रकाराला हायझेनबग असे म्हटले जाते. कसून तपासलेल्या आज्ञावल्यांतही जे दोष शिल्लक राहतात ते बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात, असा ग्रे यांचा अभिप्राय होता.

३

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही, हे त्याच सुमारास घडलेल्या एका दुःखद प्रकरणावरून स्पष्ट झाले. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या थेरॅक-२५ या यंत्राकडून जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा मिळाल्याची नोंद आहे. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांचा जो तपशीलवार वृत्तांत प्रसिद्ध केला तो या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचण्याजोगा आहे.

टेक्सास राज्यातील टायलर येथे २१ मार्च १९८६ रोजी यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी उपचाराचा प्रकार भरताना एक अक्षर चुकून वेगळे टंकले. चूक लक्षात येताच त्यांनी वर जाऊन ते दुरुस्त केले आणि झरझर खाली येऊन यंत्र सुरू केले. पडद्यावर दुरुस्त केलेली माहिती दिसत होती. परंतु यंत्रातील चुंबकांची मांडणी होण्यास सुमारे ८ सेकंद लागत, आणि त्या ८ सेकंदांत केलेली दुरुस्ती आज्ञावलीच्या दुसऱ्या भागाच्या ध्यानात येत नसे. एक भाग जुन्या माहितीवर आणि दुसरा नव्या माहितीवर चालला, आणि रुग्णाला घातक मात्रा मिळाली. उत्पादकांच्या अभियंत्यांनी येऊन यंत्र तपासले. त्यांना तो दोष पुन्हा घडवून आणता आला नाही. यंत्र पुन्हा कामास लागले. ११ एप्रिल रोजी त्याच ठिकाणी तसाच अपघात झाला. दोन्ही रुग्ण त्याच वर्षी दगावले.

दुसऱ्या अपघातानंतर जे घडले ते या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि त्या तंत्रज्ञ बाई यांनी यंत्रासमोर बसून तीच माहिती पुनःपुन्हा भरून पाहिली, आणि अखेर दोष हवा तेव्हा घडवून आणता येऊ लागला. काय भरले यात गुपित नव्हते. किती वेगाने भरले यात होते. अभियंत्यांची बोटे सावकाश चालत आणि सरावलेल्या तंत्रज्ञांची वेगाने, एवढाच काय तो फरक होता. अर्थात् काळ परीक्षकाच्या हाती आला तेव्हाच दोष हाती आला.

लेव्हसन व टर्नर यांच्या वृत्तांतावरून असेही दिसते की, या आज्ञावलीची घटकवार चाचणी अत्यल्प झाली होती. बहुतेक भर संपूर्ण यंत्र जोडून केलेल्या चाचणीवर होता. हाच दोष आधीच्या थेरॅक-२० या यंत्राच्या आज्ञावलीतही होता. परंतु त्या यंत्रात स्वतंत्र विद्युत् संरक्षण असल्यामुळे कोणास इजा झाली नाही आणि म्हणून तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

४

बदली घटक वापरून चाचणी करण्याची रीत यापूर्वीच रुळू लागली होती. वरून खाली रचना करण्याच्या पद्धतीत, अद्याप न लिहिलेल्या भागाच्या जागी तात्पुरता ठोकळा ठेवावयाचा, ही कल्पना आयबीएममधील हारलन मिल्स यांनी १९७१ मध्ये मांडली होती. त्या ठोकळ्यास स्टब म्हणत. तथापि घटक-चाचणीला आजचे स्वरूप आले ते केंट बेक यांच्यामुळे. स्मॉलटॉक भाषेतील चाचण्यांसाठी त्यांनी १९९४ मध्ये एक लहानशी चौकट प्रसिद्ध केली. १९९७ मध्ये त्यांनी आणि एरिक गामा यांनी झ्युरिकहून अटलांटाकडे जाताना विमानप्रवासात तिचा जावा भाषेतील अवतार तयार केला. तोच जेयुनिट होय. आज निरनिराळ्या भाषांत प्रचारात असलेल्या बहुतेक चाचणी-चौकटी त्याच वंशातील आहेत.

या चौकटीची रचना सरळ आहे. प्रत्येक चाचणी हे एक फंक्शन असते. ते चालवावयाचे, ते विनाअपवाद परतले तर चाचणी उत्तीर्ण, अपवाद फेकला तर अनुत्तीर्ण. चाचणी परतली म्हणजे ती संपली, हे येथे न सांगता गृहीत धरलेले आहे. पुढील अडचणींचे बीज या गृहीतातच आहे.

मॉक हे नाव रूढ झाले ते टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांच्या निबंधामुळे. तो त्यांनी २००० मध्ये सार्डिनिया बेटावरील एका परिषदेत सादर केला. एखादा घटक आपल्या शेजाऱ्यांशी कसा वागतो हे त्याची अंतर्गत स्थिती बाहेर न काढता तपासावयाचे, तर शेजाऱ्याच्या जागी असा बदली ठेवावा की ज्याला कोणकोणते निरोप येणे अपेक्षित आहे हे आधीच सांगितलेले असेल, आणि अखेरीस तो स्वतःच हिशोब तपासून पाहील, असा त्यांचा विचार होता. स्टब केवळ उत्तर देतो. मॉक साक्षही देतो. जेरार्ड मेसारोस यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात या सर्व बदली घटकांचे डमी, स्टब, स्पाय, मॉक आणि फेक असे वर्गीकरण केले. व्यवहारात हे भेद क्वचितच काटेकोरपणे पाळले जातात. तथापि फेक, म्हणजे लहान प्रमाणावर का होईना पण खरोखर काम करणारा बदली, आणि मॉक यांतील भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

मॉकने हिशोब तपासावयाचा तो चाचणीच्या शेवटी. परंतु तपासणीखालील घटकाने काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपविले असेल, तर चाचणी शेवटास पोचते तेव्हा ते काम कदाचित सुरूही झालेले नसते. यावर सर्वांत आधी रूढ झालेला उपाय म्हणजे थोडा वेळ झोप घेणे. अर्धा सेकंद थांबावे आणि मग तपासावे. हा उपाय सोपा खरा, पण दोन्ही बाजूंनी घातक. वेळ कमी ठेवावा तर यंत्रावर भार असलेल्या दिवशी चाचणी विनाकारण कोसळते. जास्त ठेवावा तर हजार चाचण्यांत मिळून कित्येक मिनिटे नुसत्या झोपण्यात जातात.

फ्रीमन आणि नॅट प्राइस यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाला दोन स्वतंत्र प्रकरणे दिली. काय करावयाचे हा तर्क आणि ते कोणत्या थ्रेडवर, केव्हा करावयाचे हे धोरण, ही दोन्ही वेगळी काढावीत, असे त्यांनी सुचविले. तर्काची तपासणी करताना काम वाटून देणाऱ्या घटकाच्या जागी असा बदली ठेवावयाचा की जो सोपविलेली कामे नुसती रांगेत ठेवतो आणि चाचणीने सांगितले म्हणजेच, त्याच थ्रेडवर, एकेक पार पाडतो. समकालिकतेची तपासणी मात्र निराळी, अनेक थ्रेड एकदम सोडून करावयाची. डाइक्स्ट्रा यांनी थर रचून जे साधले होते त्याचाच हा लहान प्रमाणावरील प्रयोग होता, असे म्हणावयास हरकत नाही.

५

दरम्यान असमकालिक आज्ञावल्या लिहिण्याची रीतच पालटत होती. उत्तर अद्याप आलेले नाही, पण येईल, अशा स्थितीत हाती काय द्यावयाचे? डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी १९७६ मध्ये यास प्रॉमिस म्हणजे वचन असे नाव दिले. बेकर व ह्यूइट यांनी १९७७ मध्ये फ्यूचर हा शब्द वापरला. बार्बरा लिस्कॉव्ह आणि लिउबा श्रिरा यांनी १९८८ मध्ये वितरित प्रणालींसाठी ही कल्पना पद्धतशीरपणे मांडली.

मराठी वाचकाला ही कल्पना हुंडीच्या उदाहरणाने चटकन समजेल. रोख रक्कम हाती येण्याऐवजी मुदती हुंडी येते. ती खिशात ठेवता येते, दुसऱ्याच्या हाती सोपविता येते. पण मुदत भरून ती वटविल्याखेरीज पैसा मिळत नाही, आणि कधी कधी ती न सकारता परतही येते. हुंडी वटविण्याच्या या क्रियेस अवेट असे नाव मिळाले. सी-शार्प या भाषेने २०१२ मध्ये, पायथॉनने २०१५ मध्ये आणि जावास्क्रिप्टच्या प्रमाणग्रंथाने २०१७ मध्ये असिंक आणि अवेट ही शब्दयोजना स्वीकारली. तिच्यामुळे असमकालिक आज्ञावली वाचावयास समकालिक आज्ञावलीसारखीच सरळ दिसू लागली. मात्र सरळ दिसणे आणि सरळ असणे यांत अंतर आहे. जेथे जेथे अवेट आहे तेथे तेथे काम थांबू शकते आणि मधल्या वेळात दुसरे कोणी तरी जग बदलून टाकू शकते.

६

मॉक आणि हुंडी यांची गाठ पडली तेव्हा काय झाले हे पायथॉनच्या उदाहरणावरून चांगले पाहता येते. मायकेल फूर्ड यांचा मॉक ग्रंथालयसंच २०१२ मध्ये पायथॉन ३.३ च्या प्रमाण संचात समाविष्ट झाला. त्याचा मुख्य गुण असा की, त्याला काहीही विचारले तरी तो होकार देतो. न सांगितलेली फंक्शनेही तो स्वतः निर्माण करून घेतो. हाच गुण त्याचा दोषही ठरला. तपासणीच्या फंक्शनचे नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले, तर मॉक त्या चुकीच्या नावालाही निमूटपणे होकार देई आणि काहीही न तपासता चाचणी उत्तीर्ण होई. पायथॉन ३.५ मध्ये याला काही बंधने घालण्यात आली.

असमकालिक फंक्शनच्या जागी हा मॉक ठेवला म्हणजे पहिली अडचण उघडच येई. तपासणीखालील घटक हुंडी वटवावयास जाई, तर मॉकने त्याच्या हाती साधा कागद ठेवलेला असे. तो वटविता येत नसल्याने चाचणी कोसळे. ही अडचण गोंगाट करणारी, म्हणून कमी धोक्याची. प्रोग्रॅमरांनी तिच्यावर स्वतःचे लहानमोठे तोडगे काढले, आणि असिंकटेस्टसारखे स्वतंत्र संचही निघाले.

दुसरी अडचण मूक होती. जुन्या चौकटीत एखाद्याने चाचणीचे फंक्शनच असमकालिक लिहिले, तर चौकट ते बोलावी आणि तिच्या हाती एक हुंडी येई. पायथॉनमध्ये अशी हुंडी वटविल्याखेरीज कामास प्रारंभच होत नाही. चौकट ती वटवीत नसे. फंक्शन विनाअपवाद परतले एवढेच पाहून चाचणी उत्तीर्ण म्हणून नोंदविली जाई. आतील एकही ओळ चाललेली नसे. हुंडी वटविली गेली नाही असा एक इशारा पडद्यावर उमटे खरा, परंतु शेकडो ओळींच्या गर्दीत तो वाचावयाचा कोणी? जावास्क्रिप्टमध्येही तोच अनुभव आला. चाचणीने आपले वचन चौकटीकडे परत केले नाही, तर चौकट चाचणी संपली असे समजून पुढे जाई, आणि विधाने तपासली जात ती निकाल लागल्यानंतर. चाचणी परतली म्हणजे संपली, या जुन्या गृहीताचा हा परिणाम होता.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या पायथॉन ३.८ मध्ये या दोन्ही अडचणींवर प्रमाण उपाय मिळाला. असमकालिक चाचण्यांसाठी स्वतंत्र वर्ग आला, आणि असिंकमॉक या नावाचा नवा मॉक आला. त्यास बोलावले म्हणजे वटविता येईल अशी हुंडी मिळते. आणि ज्याची जागा घ्यावयाची ते फंक्शन असमकालिक असेल तर बदली घालणारे साधन आपोआप हाच मॉक निवडते. यातील विशेष लक्षणीय गोष्ट अशी की, या मॉकच्या हिशोबात दोन स्वतंत्र खाती ठेवण्यात आली. किती वेळा बोलावले हे एक, आणि किती वेळा वटविले हे दुसरे. निरोप पाठविणे आणि तो पोचल्याची खात्री करणे या दोन क्रिया भिन्न आहेत, हे मॉकच्या रचनेतच यामुळे मान्य झाले. पुढे पायथॉन ३.११ मध्ये चाचणी-फंक्शनने काही मूल्य परत केल्यास ते त्याज्य असल्याचा इशारा देण्याची व्यवस्था झाली, आणि मूक उत्तीर्णतेची ती जुनी वाट बरीचशी अडविली गेली.

७

इतके झाल्यावर प्रश्न सुटला असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तिसरी आणि सर्वांत खोल अडचण येथेच सुरू होते. असिंकमॉक जी हुंडी देतो ती हातात पडताच वटते. ती वटविताना काम क्षणभरही थांबत नाही, आणि म्हणून दुसऱ्या कोणास मध्ये शिरण्यास वाव मिळत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. एका खात्यात ५०० रुपये आहेत. रक्कम काढून देणारे फंक्शन प्रथम शिल्लक विचारते आणि उत्तराची वाट पाहते. शिल्लक पुरेशी असल्यास वजाबाकी करून नवी शिल्लक लिहिते. आता ४०० रुपयांच्या दोन मागण्या एकाच वेळी आल्या, असे समजा. खाते ठेवणाऱ्या घटकाच्या जागी शिल्लक ध्यानात ठेवणारा, पण तत्काळ वटणाऱ्या हुंड्या देणारा बदली ठेवला, तर पहिली मागणी न थांबता शेवटास जाते. शिल्लक १०० होते. दुसरी मागणी १०० पाहून नाकारली जाते. चाचणी उत्तीर्ण होते. खऱ्या व्यवहारात मात्र पहिली मागणी उत्तराची वाट पाहत असताना दुसरीही शिल्लक विचारून मोकळी होते. दोघींनाही ५०० हेच उत्तर मिळते, दोघीही पैसे देतात, आणि ५०० रुपयांच्या खात्यातून ८०० रुपये जातात. मॉकने दिलेली उत्तरे बरोबर होती. उत्तरे येण्याचा क्रम त्याने निर्माण केला नाही, एवढेच.

या दोषाला पकडावयाचे तर बदली घटकाच्या दारावर अडसर हवा. शिल्लक विचारली की बदलीने उत्तर तयार ठेवावे, पण चाचणीने अडसर काढीपर्यंत ते देऊ नये. दोन्ही मागण्या दाराशी येऊन थांबल्या याची खात्री करून मग चाचणीने अडसर काढावा. असे केले म्हणजे दोष प्रत्येक वेळी, एका क्षणाचीही झोप न घेता, समोर येतो. टायलरमधील त्या दोघांनी बोटांच्या वेगाने जे साधले तेच येथे एका अडसराने साधते.

काळाचीच बदली करण्याचे प्रयत्न जावास्क्रिप्टच्या जगात लवकर झाले, कारण तेथे ठरावीक वेळाने कामे करण्याची प्रथा पहिल्यापासून आहे. २०१० मध्ये आलेल्या जॅस्मिन आणि क्रिस्तियान योहान्सेन यांच्या सायनॉन या साधनांत खोट्या घड्याळाची सोय होती. चाचणीने काटे तीस सेकंद पुढे सरकवावेत आणि त्या अवधीत होऊ घातलेली कामे क्षणात, पण योग्य त्या क्रमाने, पार पडावीत, अशी ती योजना होती. परंतु वचनांची रांग घड्याळाच्या रांगेहून निराळी आहे. काटे फिरविले तरी वचनांची कामे आपल्या पाळीची वाट पाहत राहत. म्हणून पुढे काटे फिरविताना वचनांनाही वाव देणारे नवे प्रकार करावे लागले. पायथॉनमधील ट्विस्टेड या चौकटीतही चाचणीच्या हुकमाने चालणारे घड्याळ होते.

अशी साधने असूनही झोप घेण्याची सवय सुटली नाही. इलिनॉय विद्यापीठातील छिंगझोउ लुओ, डार्को मारिनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, अपाची संस्थेच्या ५१ प्रकल्पांतील लहरी चाचण्यांच्या २०१ दुरुस्त्या तपासल्या. लहरी चाचणी म्हणजे आज्ञावली न बदलताही कधी उत्तीर्ण, कधी अनुत्तीर्ण होणारी चाचणी. कारण निश्चित करता आलेल्या १६१ दुरुस्त्यांपैकी ७४, म्हणजे सुमारे ४६ टक्के, असमकालिक उत्तराची नीट वाट न पाहिल्यामुळे कराव्या लागल्या होत्या. आणखी ३२ समकालिकतेच्या इतर दोषांमुळे. लहरी चाचणीची हानी दुहेरी आहे. ती वेळ खाते, आणि अनुत्तीर्ण निकालाकडे दुर्लक्ष करण्याची सवय लावते. पहिल्या अपघातानंतर दोष पुन्हा दिसला नाही म्हणून यंत्र सुरू करणे आणि चाचणी दुसऱ्यांदा चालविल्यावर उत्तीर्ण झाली म्हणून पुढे जाणे, यांतील मनोवृत्ती एकच आहे.

काळाची बदली पूर्णत्वास नेण्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग फाउंडेशनडीबी या वितरित डेटाबेसच्या निर्मात्यांनी केला. त्याचे विवेचन विल विल्सन यांनी २०१४ मध्ये एका व्याख्यानात केले. त्यांनी एका फंक्शनची नव्हे, तर साऱ्या भोवतालाची बदली केली. जाळे, डिस्क आणि घड्याळ ही तिन्ही खोटी. अनेक संगणकांचा समूह एकाच थ्रेडमध्ये चालणारा. आणि सर्व यदृच्छा एका बीजसंख्येतून निघणारी. दोष आढळला की तीच बीजसंख्या देऊन तोच प्रसंग हुबेहूब पुन्हा घडविता येतो. याची किंमतही मोठी आहे. बाहेरच्या जगाशी होणारा प्रत्येक संबंध बदली घालण्याजोगा ठेवून पहिल्यापासून आज्ञावली रचावी लागते. मागाहून हे साधणे फार कठीण. बहुसंख्य प्रकल्पांना ही किंमत परवडत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

८

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल. असमकालिक आज्ञावलीच्या भोवती तीन गोष्टी असतात: उत्तर, उत्तराचे वचन आणि उत्तराचा क्षण. २००० च्या मॉकने पहिल्या गोष्टीची जागा घेतली. २०१९ च्या असिंकमॉकने आणि इतर भाषांतील त्याच्या भावंडांनी दुसरीचीही घेतली. तिसरीची जागा कोणताही तयार मॉक आपोआप घेत नाही. ती चाचणी लिहिणाऱ्याला अडसराने, खोट्या घड्याळाने किंवा आज्ञाधारक रांगेने जाणीवपूर्वक घ्यावी लागते.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, बदली घटक जितका हुशार करावा तितकी चाचणी खऱ्या जगापासून दूर जाते, आणि म्हणून खरे घटक जोडून केलेली चाचणीच विश्वसनीय होय. या आक्षेपात तथ्य आहे. बदली घटकाला त्याच्या कर्त्याला ठाऊक असलेलेच खोडे घालता येतात, आणि खऱ्या घटकाचे वर्तन बदलले तरी बदली जुनेच सोंग वठवीत राहतो. परंतु थेरॅक-२५ चा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. तेथे संपूर्ण यंत्र जोडून चाचणी झालीच होती. जे ८ सेकंद घातक ठरले ते त्या चाचणीत कोणाच्या हाती लागले नाहीत. खऱ्या घटकांवरील चाचणीत काळ खरा असतो, पण तो परीक्षकाचे ऐकत नाही. बदली घटकांवरील चाचणीत तो ऐकतो, पण त्याला कोणी आज्ञा दिली तरच.

म्हणून असमकालिक घटकाची चाचणी वाचणाऱ्याने दोन प्रश्न विचारावेत. ही चाचणी खरोखर शेवटपर्यंत चालली का, हा पहिला. आणि हिच्यातील बदलीने उत्तर किती उशिरा व कोणाच्या मागून दिले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आता बहुतेक साधने स्वतःच देतात. दुसऱ्याचे उत्तर त्या चाचणीच्या मजकुरातच शोधावे लागते. आणि ते तेथे न सापडल्यास त्या चाचणीच्या उत्तीर्णतेवरून क्रमाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.